क्लच दाबला तरी गाडी पुढे ओढते? घरच्या घरी दुरुस्ती, बाहेरून आत

संध्याकाळी ठाण्याजवळच्या विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली गाड्या तुंबल्या की क्लचची खरी परीक्षा होते. पहिला गिअर, क्लच मुठीत पूर्ण दाबलेला, आणि तरी माझी मोटरसायकल इंच-इंच करत पुढच्या रिक्षाला टेकायला निघालेली. ब्रेक दाबला की इंजिन धाप लागल्यासारखं करून बंद. न्यूट्रल लावायला जावं तर पायाखाली पहिला, दुसरा, पहिला, दुसरा. न्यूट्रलचा हिरवा दिवा काही लागत नाही आणि मागून नवी मुंबईच्या एनएमएमटी बसचा हॉर्न.

गाडी मूळची भावाची. तो पुण्याला गेला आणि ती माझ्याकडे आली. दीडशे सीसीची, आता अकरा वर्षांची, रोज खारेगाव ते रबाळे. पहिल्यांदा क्लच असा धरायला लागला तेव्हा मी ती सरळ गॅरेजात नेली. "मॅडम, प्लेटा गेल्या," असं इंजिनला हातही न लावता सांगण्यात आलं. प्लेटांचा सेट बदलला, पॅकिंग बदललं, ऑइल बदललं, मजुरी दिली. तिसऱ्या दिवशी विटाव्याला पुन्हा तेच.

बाबा बेलापूर रोडवरच्या कारखान्यात फिटर होते. त्या रविवारी ते पार्किंगमध्ये आले, हँडल एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवलं, हेडलाइटच्या मागे बोट घातलं आणि म्हणाले, "अगं, मोबाइलचा स्टँड बसवलास तेव्हा ही केबल कुठून नेलीस?" केबल स्टँडच्या पट्टीखाली दबून काटकोनात वळली होती. ती सोडवून मूळ वाटेने नेली आणि न्यूट्रल एका बोटाच्या धक्क्याने लागला. प्लेटा बदलण्याचे पैसे पाण्यात गेले होते. जुन्या प्लेटाही मी गॅरेजातच सोडून आले होते, त्यामुळे त्या खरंच गेल्या होत्या का हे आता कधीच कळणार नाही.

दोन वर्षांनी मात्र खरोखरच आतलं काम निघालं आणि ते आम्ही दोघांनी घरीच केलं. हा लेख त्या दोन्ही अनुभवांतून लिहिते आहे. तुमची गाडी केबलवर चालणाऱ्या, तेलात बुडालेल्या क्लचची असेल, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक १०० ते २०० सीसीच्या गिअरच्या गाड्या, तर यातलं जवळपास सगळं लागू पडेल. स्कूटरचा क्लच वेगळा, हायड्रॉलिक क्लच वेगळा. आणि गाडी वॉरंटीत असेल तर पायरी ४ नंतर हात आवरा, कव्हर उघडलं की दावा करताना वाद होतो.

१. हे ड्रॅगच आहे ना, आधी ते ठरवा

क्लचची दोन दुखणी असतात आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. क्लच स्लिप मारतो म्हणजे लिव्हर सोडलेला असूनही प्लेटा एकमेकींना नीट पकडत नाहीत. गायमुखच्या चढावर रेस वाढते, आवाज वाढतो, गाडी मात्र पळत नाही. ड्रॅग म्हणजे लिव्हर दाबूनही प्लेटा एकमेकींना सोडत नाहीत. इलाजही उलटे. स्लिपवर केबल सैल करतात, ड्रॅगवर ताणतात. चुकीचं निदान करून केबल फिरवत बसलात तर एका दुखण्यातून दुसऱ्यात जाल.

घरच्या घरी करायची परीक्षा अशी. गाडी डबल स्टँडवर लावा, इंजिन पाच मिनिटं गरम होऊ द्या, क्लच दाबून पहिला गिअर टाका. मागचं चाक थोडं फिरेल. त्याला घाबरू नका. तेलाच्या चिकटपणामुळे चांगल्या क्लचमध्येही ते फिरतं. आता क्लच दाबूनच ठेवा आणि मागचा ब्रेक हळूच दाबा. चाक थांबलं आणि इंजिनच्या आवाजात काही फरक पडला नाही तर क्लच ठीक आहे. इंजिन दबलं किंवा बंद पडलं तर ड्रॅग आहे.

दोन गोष्टींमुळे माणसं उगाच घाबरतात. सकाळी थंड इंजिनवर पहिला गिअर टाकताना 'ठक' आवाज येतो, तो बहुतेक गाड्यांत येतोच. दुसरी गोष्ट, आयडलिंग फार चढवून ठेवलेलं असेल तर क्लच धडधाकट असूनही गिअर धाडकन पडतो. लहान गाड्यांचं आयडलिंग साधारण १४०० आरपीएमच्या आसपास असतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहा. पावसाळ्यात गाडी बंद पडते म्हणून कुणीतरी स्क्रू पिळून ते २००० वर नेलेलं असतं आणि दोष क्लचवर येतो.

२. आत काय चाललंय, एवढं समजून घ्या

इंजिनच्या उजव्या कव्हरमागे तेलात भिजलेली चकत्यांची एक चळत असते. एक खरखरीत फ्रिक्शन प्लेट, एक गुळगुळीत स्टील प्लेट, पुन्हा एक खरखरीत, अशी. खरखरीत प्लेटांचे कान बाहेरच्या डब्यात अडकलेले असतात. त्या डब्याला बास्केट किंवा हाउसिंग म्हणतात आणि तो इंजिनबरोबर फिरतो. स्टील प्लेटांचे दाते आतल्या हबमध्ये बसतात. गॅरेजात त्याला सेंटर म्हणतात, आणि तो गिअरबॉक्सला जोडलेला असतो. वरून प्रेशर प्लेट आणि स्प्रिंगा ही चळत आवळून धरतात. लिव्हर दाबला की केबल, तिच्या टोकाचा आर्म आणि पुश रॉड मिळून प्रेशर प्लेट उचलतात आणि चळत सैल पडते.

किती सैल? साधारण दीड ते दोन मिलिमीटर, बस. आता हिशेब करा. पाच फ्रिक्शन आणि चार स्टील प्लेटा असतील तर घासणाऱ्या जागा होतात दहा. दोन मिलिमीटर दहा ठिकाणी वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला ०.२ मिलिमीटर. बाबांनी हे मला वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर लिहून दाखवलं तेव्हा ड्रॅगचं सगळं कोडं सुटलं. केबलमध्ये थोडी चाल वाया गेली, लिव्हरचं भोक जरा मोठं झालं, एखादी प्लेट केसाएवढी वाकली, की ही ०.२ची वाटणी पुरत नाही. म्हणूनच शोध मुठीपासून सुरू करायचा आणि इंजिनकडे जायचं.

३. लिव्हर आणि केबल: इथेच वेळ घालवा

लिव्हरच्या टोकाशी मोकळी चाल मोजा, म्हणजे बोटाने हलकेच ओढल्यावर केबल ताणायच्या आधी लिव्हर जेवढा फुकट हलतो तेवढी. बऱ्याच गाड्यांत ती १० ते २० मिलिमीटर सांगितलेली असते. काही कंपन्या लिव्हरच्या टोकाऐवजी मुळाशी, त्याच्या खोबणीत मोजायला सांगतात आणि तिथे आकडा दोन-तीन मिलिमीटरचाच असतो. कुठे मोजायचं ते पुस्तिकेत बघून घ्या, नाहीतर एका जागेचा आकडा दुसऱ्या जागी लावाल.

चाल जास्त असेल तर ड्रॅग तिथेच सापडला. पण चाल अजिबात ठेवायची नाही असंही करू नका. ड्रॅगने वैतागलेली माणसं हीच चूक करतात. केबल कायम ताणलेली राहिली की प्रेशर प्लेट सतत अर्धवट उचललेली राहते, क्लच स्लिप मारायला लागतो आणि नव्या प्लेटाही जळतात.

मग लिव्हर वर-खाली हलवून पाहा. पिव्हटच्या, म्हणजे लिव्हर ज्यावर फिरतो त्या बोल्टजवळ खडखडत असेल तर बोल्ट काढा. भोक गोल न राहता लंबगोल झालं असेल तर लिव्हर बदला. तो स्वस्त असतो. दिसायला छान म्हणून बाजारात मिळणारे आखूड लिव्हर बसवले असतील तर मूळचा लिव्हर परत लावून बघा. काहींची ओढ मूळच्यापेक्षा कमी पडते.

आता केबल. गॅरेजात तिला क्लच वायर म्हणतात. इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये, हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. चाल कमी-जास्त झाली तर क्लच केबलची वाट चुकली आहे. रेस बदलली तर अॅक्सिलरेटरच्या केबलची. माझं दुखणं क्लच केबलच्या चुकलेल्या वाटेचंच होतं. नंतर कुणाला तरी लिव्हर दाबायला सांगा आणि तुम्ही बाहेरच्या काळ्या नळीवर नजर ठेवा. नळी जागच्या जागी राहायला हवी. ती धनुष्यासारखी वाकत असेल तर तुमच्या मुठीचा जोर नळी वाकवण्यातच खर्च होतोय. शेवटी दोन्ही टोकांना तारांची लड पाहा. निपलजवळ, म्हणजे तारेच्या टोकाच्या गोळीजवळ, एक जरी तार तुटलेली दिसली तर केबल बदलायची. तेलाने ती बरी होत नाही. तुटली तर ती ऐन कळव्याच्या पुलावर तुटते.

केबल चांगली असेल पण जड चालत असेल तर वरचं टोक सोडवा, त्याला प्लास्टिकच्या पिशवीचा कोन करून रबराने घट्ट बांधा, कोनात पातळ तेल ओता आणि तार वर-खाली करत राहा. खालून तेल टपकायला लागलं की झालं. आत टेफ्लॉनची नळी असलेल्या केबलला मात्र तेल-ग्रीस घालू नका. नेहमीचं जाड ग्रीस कुठल्याच केबलमध्ये नको, पावसाळ्यानंतर ते चिखलासारखं होतं.

जुळवणीचा क्रम असा ठेवा:

- मुठीजवळचा अॅडजस्टर आधी पूर्ण आत पिळा, मग दोन-तीन आटे बाहेर काढा.
- इंजिनजवळच्या अॅडजस्टरचा चेकनट (जुळवणी हलू न देणारा नट) सोडून तिथे चाल जवळपास बरोबर आणा. नट आवळा.
- उरलेली बारीक जुळवणी मुठीजवळ करा.
- मुठीजवळच्या अॅडजस्टरची फट वरच्या बाजूला उघडी ठेवू नका. पावसाचं पाणी तिथूनच केबलमध्ये उतरतं.

वरचा अॅडजस्टर दाते जेमतेम धरतील एवढा बाहेर आलेला दिसला तर समजा, आधीच्या कुणीतरी खालच्या नटाला हात लावायचा कंटाळा केला आहे.

नवी केबल टाकताना जुनी ओढून मोकळी करू नका. आधी फोटो काढा. मग जुन्या केबलच्या टोकाला सुतळी बांधा आणि केबल ओढा, म्हणजे तिच्या जागी सुतळी येईल. नवी केबल त्या सुतळीला बांधून परत ओढली की वाट चुकायचा प्रश्न उरत नाही.

४. तेल

गाडी समतल जागी डबल स्टँडवर उभी करून पातळी बघा. जास्त तेलही वाईट, त्यातही प्लेटा ओढत राहतात. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० (तेलाच्या जाडीची खूण) लिहिलं असताना "मुंबईत उकाडा फार" म्हणून २०डब्ल्यू-५० भरणारे मी पाहिलेत. जाड तेलात थंड इंजिनचा क्लच जास्त धरतो. डब्यावर जासो (तेलाचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. एमबी हे स्कूटरसाठी असतं, त्याने क्लच स्लिप होतो.

इंजिनवरच्या तेल बघायच्या काचेतून तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय. पावसाळ्यात विटाव्याच्या पुलाखाली भरलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर हे जरूर तपासा. अशा तेलावर गाडी चालवू नका. क्लचच्या आधी बेअरिंगं जातील.

गाडी दोन-तीन महिने उभी होती आणि आता क्लच सुटतच नाही, अशी तक्रार असेल तर प्लेटा एकमेकींना चिकटल्या असतील. इंजिन न्यूट्रलमध्ये गरम करा, बंद करा, दुसरा किंवा तिसरा गिअर टाका, क्लच दाबून धरा आणि गाडी मागे-पुढे जोराने झुलवा. बहुतेक वेळा 'टक' होऊन सुटतात. चिकटलेल्या क्लचच्या गाडीला गिअरमध्ये ठेवून बटणस्टार्ट देऊ नका, गाडी सरळ समोरच्या खांबावर जाते. आमच्या सोसायटीच्या खांब क्रमांक ४ वर तसा एक ओरखडा आहे. कुणाचा ते सगळ्यांना माहीत आहे.

५. उघडायचं ठरलं तर: लागणारं सामान

इथपर्यंत सगळं तपासूनही ब्रेकच्या परीक्षेत इंजिन बंद पडत असेल तरच कव्हरला हात लावा. दुसऱ्या वेळी माझ्या गाडीचं तसंच झालं. केबल नवी, लिव्हर नवा, तेल योग्य, तरी ड्रॅग. कारण मीच होते. गर्दीत गिअर न काढता क्लच अर्धवट दाबून सरकत राहायची सवय. त्यात प्लेटा तापतात आणि स्टील वाकतं.

कागदपत्रांत गाडीची पुस्तिका आणि आरसीचा फोटो जवळ ठेवा. पार्टच्या दुकानात नुसतं नाव सांगून भागत नाही. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक प्लेटांची संख्या आणि पॅकिंग बदलतं. मॉडेलचं वर्ष आणि व्हेरियंट सांगा, आणि जमलं तर जुनी प्लेट सोबत न्या. आणायच्या वस्तू:

- गोटी पान्यांचा सेट (८, १०, १२, १४) आणि टी पाना
- कमी ताकदीचा टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट किती आवळला ते मोजणारा. विकत नको असेल तर ओळखीच्या गॅरेजातून एका दिवसापुरता
- फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) आणि जाडी मोजायला साधा व्हर्निअर
- जाड काचेचा सपाट तुकडा
- रबरी हातोडी, बारीक कानस, प्लास्टिकची पट्टी
- नवं कव्हर पॅकिंग, ड्रेन बोल्टचा वॉशर, पुरेसं तेल
- तेल धरायला पसरट घमेलं, जुने कपडे, पुठ्ठे, हातमोजे

हत्यारं मी वागळे इस्टेटमधून घेतली. कारखान्यांना माल पुरवणाऱ्या हार्डवेअरच्या दुकानांत फीलर गेज मागितलं की कुणी 'म्हणजे काय?' विचारत नाही. पॅकिंग मात्र गाडीचंच घ्या. शीटमधून कापलेलं पॅकिंग जाडीला चुकलं की सगळं परत उघडायची वेळ येते.

आणखी एक सामान म्हणजे सेक्रेटरींची परवानगी. पार्किंगच्या फरशीवर तेलाचा डाग पडला तर पुढची सर्वसाधारण सभा तुमच्यावर होईल. खाली पुठ्ठ्याचे दोन थर घाला.

६. कव्हर काढणं

इंजिन पूर्ण थंड हवं. तेल घमेल्यात काढा. काही लोक तेल न काढता गाडी साइड स्टँडवर डावीकडे झुकवून काम करतात, कारण तेल डाव्या बाजूला राहतं. होतं ते काम, पण दुधाळ किंवा जळकं तेल पुन्हा वापरण्यात अर्थ नाही, तेव्हा काढलेलंच बरं.

केबलचं खालचं टोक सोडवा. आड येत असतील तर उजवा फूटरेस्ट, ब्रेक पेडल आणि किकचा दांडा काढा. किक काढण्याआधी शाफ्टवर तिची जागा मार्करने खूण करून ठेवा.

कव्हरचे बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा ढोबळ आकार काढा, त्याच जागी भोकं पाडा आणि प्रत्येक बोल्ट आपापल्या भोकात खोचा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर इंजिनचं आटं फाटतं, आणि ते दुखणं क्लचपेक्षा महाग पडतं.

कव्हर सुटत नसेल तर रबरी हातोडीने कडेकडेने ठोका. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. अॅल्युमिनियमवर एक ओरखडा पडला की नवं पॅकिंग टाकूनही तेल झिरपत राहतं. कव्हर सरळ बाहेर ओढा. काही गाड्यांत किकचा शाफ्ट सोबत यायला बघतो, त्याला अंगठ्याने आत दाबून धरा. कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या दोन पोकळ डॉवेल पिना असतात, त्या घमेल्यात पडल्या नाहीत ना बघा. लिक्विड कूल्ड गाड्यांपैकी काहींचा वॉटर पंप याच कव्हरात असतो. तुमची गाडी तशी असेल तर पहिल्याच खेपेला हे काम अंगावर घेऊ नका.

७. प्लेटा बाहेर काढा आणि तपासा

स्प्रिंगांचे बोल्ट एकदम सोडू नका. समोरासमोरचे, प्रत्येकी अर्धा-अर्धा आटा, असे फिरवत या. प्रेशर प्लेट काढा, मधला पुश रॉडचा तुकडा आणि बेअरिंग बाजूला ठेवा. मग एकेक प्लेट काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडा आणि प्रत्येक वेळी फोटो काढा. काही गाड्यांत पहिली किंवा शेवटची फ्रिक्शन प्लेट बाकीच्यांपेक्षा वेगळी असते, तिचे कान बास्केटच्या वेगळ्या खाचेत बसतात. क्रम चुकला तर सगळं नवं घालूनही ड्रॅग तसाच राहील.

*स्टील प्लेटा.* पुसून काचेवर ठेवा. कडेने ०.२चं फीलर पान सरकवून पाहा. कुठेही आत गेलं तर प्लेट वाकलेली आहे. बऱ्याच पुस्तिकांत मर्यादा ०.२ किंवा त्याहून कमी असते. माझ्या चारपैकी दोन वाकल्या होत्या आणि एकीवर मोरपिसासारखी निळी झाक होती. निळं पडलं म्हणजे स्टील फार तापलं. ठोकून सरळ करायच्या फंदात पडू नका. स्टील प्लेटांचा पूर्ण सेट बदला.

*फ्रिक्शन प्लेटा.* व्हर्निअरने तीन-चार जागी जाडी मोजा आणि पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडा. जाडी भरपूर असेल, जळका वास नसेल, तर त्या ठेवा. ड्रॅगमध्ये फ्रिक्शन प्लेटा अनेकदा निर्दोष असतात, आणि दुकानदार पहिल्या त्याच पुढे करतो.

*बास्केट.* याकडे लोकांचं लक्षच जात नाही. प्लेटांचे कान ज्या बोटांमध्ये सरकतात त्या बोटांच्या कडेवरून नख फिरवा. वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी तिथे खाचा पडतात. लिव्हर दाबल्यावर प्लेटेने सरकायला हवं, पण कान खाचेत अडकतो आणि प्लेट तिथेच राहते. हबच्या दात्यांवरही तसंच बघा. नख जेमतेम अडकत असेल तर बारीक कानशीने नुसती धार मारायची. खाच पूर्ण नाहीशी होईपर्यंत घासायचं नाही, नाहीतर फट रुंदावते आणि क्लच खडखडायला लागतो. बाबांनी मला कानस धरायला शिकवली ती इथे: फक्त पुढे जाताना जोर, परत येताना कानस उचलायची. मी मागे-पुढे दोन्हीकडे घासत होते, त्यावर ते म्हणाले, "कानस आहे ती, पोळपाटावरचं लाटणं नव्हे."

घासण्याआधी खालच्या सगळ्या फटी कापडाने बुजवा आणि नंतर चुरा टिपून घ्या. अॅल्युमिनियमचा चुरा तेलात गेला तर तो इंजिनभर फिरेल.

खाचा खोल असतील तर बास्केट बदलावी लागते. त्यासाठी मधला मोठा नट सोडायला हब अडवून धरणारं खास हत्यार लागतं. स्क्रू ड्रायव्हर अडकवून तो नट सोडायचा प्रयत्न केला तर बास्केटचं बोट मोडतं. हे काम गॅरेजात द्या, पण आता काय बदलायचं ते तुम्ही सांगाल.

स्प्रिंगांची मोकळी लांबी सारखी आहे का पाहा. एक आखूड असेल तर प्रेशर प्लेट तिरकी उचलली जाते. पुश रॉडचं टोक चेपलेलं नाही ना आणि बेअरिंग बोटाने फिरवल्यावर खरखरत नाही ना, तेही बघून घ्या.

८. परत जोडणी

नव्या फ्रिक्शन प्लेटा घेतल्या असतील तर आदल्या रात्रीच परातीत इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. कोरड्या प्लेटा पहिल्याच दिवशी जळतात. परात स्वयंपाकघरातली नको; आमच्या घरी त्यावरून झालेलं भांडण क्लचपेक्षा जास्त दिवस टिकलं.

स्टील प्लेटांची एक कड किंचित धारदार आणि दुसरी गोलसर असते. सगळ्यांची धार एकाच दिशेला ठेवा. पुस्तिकेत दिशा दिली असेल तर तीच. फोटो बघत एकेक प्लेट बसवा, प्रत्येकीला तेलाचं बोट लावून.

प्रेशर प्लेट ठेवताना घाई करू नका. तिचे दाते हबच्या दात्यांत बसल्यावर ती पूर्ण टेकते आणि हाताने हलवली तर डुगडुगत नाही. ती एका बाजूला टेकलेली नसताना बोल्ट आवळले तर दोनपैकी एक होतं: क्लच कायमचा ड्रॅग करतो, नाहीतर हबचा खांब तुटतो. बोल्ट पुन्हा समोरासमोर, थोडेथोडे आवळा. सहा मिलिमीटर आट्याच्या या बोल्टांना साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतं, शेवटचा शब्द पुस्तिकेचा. अंदाजाने करणारे इथेच चुकतात, कारण आवळताना छान वाटतं आणि तुटताना आवाजही होत नाही.

जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, दोन्ही पृष्ठभाग कोरडे पुसा, डॉवेल पिना जागेवर आहेत ना बघा, नवं पॅकिंग ठेवा. कव्हर दाबून बसलं पाहिजे. बोल्ट ओढून ते बसवू नका. अडत असेल तर किकचा शाफ्ट किंवा आर्म आतल्या जागी नीट आलेला नाही.

९. तेल, केबल, पहिली फेरी

पुस्तिकेत कव्हर उघडल्यानंतर भरायच्या तेलाचा आकडा नुसत्या ऑइल बदलापेक्षा वेगळा असू शकतो, तो बघून भरा. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, थोडं थांबा आणि पातळी पुन्हा पाहा. कव्हरच्या खालच्या कडेवर कोरडा पांढरा कपडा फिरवा, झिरपत असेल तर लगेच दिसेल.

केबल पायरी ३ प्रमाणे पहिल्यापासून जुळवा. आतली चळत बदलल्यामुळे जुनी जुळवणी आता चुकीची आहे. मग डबल स्टँडवर तीच ब्रेकची परीक्षा. इंजिन दबलं नाही तर आधी कंपाउंडमध्ये दोन फेऱ्या, मग बाहेर. मी पहिल्यांदा खारेगावातून कळवा नाक्यापर्यंत गेले, मुद्दाम गर्दीच्या वेळी, आणि प्रत्येक थांब्यावर न्यूट्रल लावून पाहिला.

पहिले काही दिवस गाडी जोरात ओढू नका. तीन-चारशे किलोमीटरनंतर मुठीची चाल पुन्हा मोजा. फ्रिक्शन प्लेटा झिजत जातात तशी ही चाल कमी होते, वाढत नाही, आणि ड्रॅगच्या आठवणीने सैल केबलची भीती बसलेली असली की हे ध्यानात राहत नाही. चाल वाढलेली दिसली तर केबल ताणली गेली आहे किंवा कुठला तरी चेकनट सुटला आहे.

काढलेलं तेल गटारात किंवा सोसायटीच्या झाडाला ओतू नका. कॅनमध्ये भरून जवळच्या गॅरेजात द्या, त्यांच्याकडे जुन्या तेलाचं पिंप असतं. आणि वाकलेल्या स्टील प्लेटा फेकू नका. आमच्याकडे त्यातली एक तुळशीच्या कुंडीखाली आहे, दुसरी बाबांनी भिंतीवर चाव्या अडकवायला लावली आहे.